मोपा 388 किलोमीटर, मग सव्वा तास कशाला?

प्रश्न (कुडाळ): जेट ताशी आठशे किलोमीटरने जातं. मुंबई–मोपा (गोव्याचा पेडण्यातला विमानतळ) अर्ध्या तासात व्हायला हवं. तिकिटावर सव्वा तास का?

तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते. मुंबईत विमान जागेवरून हलल्यापासून मोपाला चाकांना अडसर लागेपर्यंतची ती वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी सहसा एकच चालते. रांगेत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. शिवाय दहा हजार फुटांखाली 250 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 460 किलोमीटरची मर्यादा असते. इतक्या जवळच्या फेरीत विमान आठशेला पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. हवेत पाऊण तास ते पन्नास मिनिटं धरा. पंख्याचं एटीआर ताशी पाचशेच्या आसपास उडतं, तरी इथे फार तर पंधरा-वीस मिनिटंच मागे पडतं.

प्रश्न (देवगड): हवाई अंतर घरी काढता येतं का?

येतं. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. मोपा 15.73 उत्तर, 73.86 पूर्व. अक्षांशातला फरक 3.36, गुणिले 111, म्हणजे 373 किलोमीटर. रेखांशाचा अंश आपल्या पट्ट्यात 106 किलोमीटरच भरतो. 0.99 गुणिले 106, म्हणजे 105. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा: 388 किलोमीटर. 1.852 ने भागलं की सागरी मैल, साधारण 210.

चूक हमखास एकाच ठिकाणी होते. 15 अंश 44 मिनिटं म्हणजे 15.44 नव्हे. 44 ला 60 ने भागायचं, 15.73 येतं. तेवढ्यानं बत्तीस किलोमीटरचा घोळ होतो. दुबईसारख्या लांबच्या अंतराला मात्र ही शाळेतली रीत चालवू नका, तिथे पृथ्वीची गोलाई मोजावीच लागते.

प्रश्न (रत्नागिरी): मुलगा दुबईला असतो. जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार, असं कसं?

घड्याळाची गंमत आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा मुंबईहून दुपारी 4 ला सुटून तिथल्या 5.45 ला उतरला, तर त्यात दीड तास मिळवा: सव्वातीन तास. परतताना रात्री 10 ला निघून आपल्या 2.35 ला आला, तर दीड तास वजा: तीन तास पाच मिनिटं. उरलेला फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा वारा असतो, जाताना समोरून, येताना पाठीवर. पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचा वारा झोडपत असला तरी त्या उंचीवर तो पूर्वेकडून वाहतो. तेव्हा हा फरक कमी होतो, कधी उलटतोही.

प्रश्न (सावंतवाडी): तिकिटावर नुसतं 'गोवा' आहे. उतरायचं कुठे?

कोड बघा. जीओएक्स म्हणजे मोपा, बांद्यापलीकडे पेडण्यात, तुम्हाला सोयीचं. जीओआय म्हणजे वास्कोजवळचं दाबोळी. दोन्हींत सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरच, पण रस्त्याने मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडाव्या लागतात. न्यायला येणाऱ्यालाही कोडच सांगा.