खान्देशातल्या अभयारण्यात रानपोपटांना खाऊ घालत जिओकॅशिंग करता येईल का?

तुम्ही विचारलंय की बहिणीची मुलं फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाहून जळगावला येणार आहेत, तिकडे ती अभयारण्यात हातातल्या थाळीवर पोपटांना खाऊ घालतात, मोबाइल घेऊन लपवलेले डबे शोधतात (हेच जिओकॅशिंग), तर इकडे यावल अभयारण्यात किंवा तिथल्या जंगलातल्या पाल गावाला असं काही करता येईल का. माझं माहेर यावल तालुक्यातलं. सातपुडा आमच्या गच्चीवरून दिसतो आणि गेली काही वर्षं मी माझ्या मुलाला घेऊन पालच्या जंगलात जाते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोपट भरपूर दिसतील. खाऊ मात्र घालायचा नाही. डबे शोधण्याचा खेळ जरूर खेळा, पण अभयारण्याच्या आत डबा ठेवायचा नाही.

मुलं ज्याबद्दल सांगतात ते बहुतेक गोल्ड कोस्टचं करंबिन अभयारण्य असावं. तिथली गोष्ट वेगळी आहे. अॅलेक्स ग्रिफिथ्स नावाचे एक फूलशेतकरी होते. रेनबो लॉरिकीट नावाचे रंगीत पोपट त्यांच्या फुलांची नासाडी करायचे, म्हणून १९४७ मध्ये त्यांनी पोपटांना वेगळं खाणं ठेवायला सुरुवात केली. ते बघायला लोक जमू लागले. पुढे १९७६ मध्ये त्यांनी ती जागा क्वीन्सलँडच्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. त्या लॉरिकीटची जीभ ब्रशसारखी असते, तो मुख्यतः फुलांतला मध आणि पराग खातो, आणि तिथे त्याला मुद्दाम तयार केलेलं पातळ खाणं माणसांच्या देखरेखीखाली देतात. आपलं यावल अभयारण्य १९६९ सालचं, सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं, मध्य प्रदेशाच्या हद्दीला टेकलेलं राखीव जंगल आहे. नाव दोन्हीकडे अभयारण्यच, पण तिकडच्यासारखी पोपटांना भरवायची जागा इथे नाही.

आणि खरं सांगू का, आमच्या पोपटांना भरवायची गरजच नाही. लहानपणी हिवाळ्यात आमच्या शेतात दादर उभी असायची. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. दाणा भरायला लागला की अण्णा आम्हा भावंडांना पहाटे शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसवायचे. हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा बडवायला. थवा यायचा तो एकदम, हिरवी चादर झटकल्यासारखा, आणि कणसावर उलटं लटकून पायात दाणे धरून खायचा. आम्ही ओरडून ओरडून घसा बसवायचो. अण्णा मात्र बांधाकडच्या दोन ओळींना हात लावू द्यायचे नाहीत. त्या पाखरांच्या. आजही भाऊ तसंच करतो. मुलांना 'पोपटांना खाऊ घालणं' बघायचंच असेल तर ते असं बघा, शेतकऱ्याला विचारून, लांब बांधावर बसून.

जंगलात खाऊ का नको, तेही सांगते. पहिली गोष्ट, पालला तुम्ही पिशवी उघडलीत की पोपटाआधी वानरं येतात. शेंगदाणे, फरसाण, बिस्किटं हे त्यांना एकदा समजलं की पुढच्या माणसाची पिशवी ओढतात. दुसरं, एकाच जागी रोज दाणे पडले की पाखरं दाटीनं जमतात, त्याच जागी खातात, तिथेच विष्ठा करतात आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. माणसाच्या हाताची सवय झालेला पोपट पकडायला सोपा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला कुठलाही देशी पोपट पाळायला आणि विकायला बंदी आहे, तरी पिल्लं काढून विकणारे आहेतच. आपण लाडानं लावलेली सवय त्यांच्या कामी येते.

आता जिओकॅशिंगकडे येते, कारण ते वाचणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे जीपीएसवर तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा ठेवून येतात. अमेरिकेनं मे २००० च्या सुरुवातीला जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच, ३ मेला, ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी जंगलात एक बादली ठेवली. तिथून हा खेळ सुरू झाला. त्या पहिल्या बादलीत खाण्याचा एक डबाही होता. आता मात्र खेळाच्या नियमातच आहे की डब्यात खायचं काही ठेवायचं नाही, कारण जनावरं वासावर येऊन डबा फोडतात. डबा जमिनीत पुरायचा नाही, आणि जागा ज्याची असेल त्याची परवानगी घ्यायची, हेही नियमच.

आपल्या कायद्याच्या कलम २७ मध्ये म्हटलंय की अभयारण्यात कुणी वन्यप्राण्याला डिवचू नये, त्रास देऊ नये आणि कचरा टाकू नये. तुम्ही कितीही प्रेमानं ठेवलेला प्लास्टिकचा डबा वनरक्षकाच्या दृष्टीनं कचराच, आणि त्याचं म्हणणं मला पटतं. अभयारण्याबाहेरसुद्धा बेवारस डब्याची लोकांना धास्ती वाटते. भुसावळ स्टेशन, बसस्टँड, मंदिर, यात्रा असल्या ठिकाणी तर विचारही करू नका. ठेवायचाच तर स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून, डब्यावर आत काय आहे ते मराठीत ठळक लिहून ठेवा.

हे कळायला मला एक प्रसंग लागला. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. फेब्रुवारीत आम्ही पालला गेलो होतो, बरोबर वाट दाखवायला सातपुड्यातल्या पावरा आदिवासी समाजातले एक दादा. मुलानं इंटरनेटवर वाचलं होतं की डबे बहुतेक झाडाच्या ढोलीत लपवतात. तिथे डबा नव्हताच, पण एका जुन्या झाडावर, माझ्या डोक्याच्या थोडं वर, गोल भोक दिसलं आणि तो फांदी धरून चढला. हात आत घालणार तोच दादा म्हणाले, "ताई, पोराचा हात आवरा. घर आहे ते."

मग त्यांनी दाखवलं. भोकाची कड ताजी कुरतडलेली होती, बाकीचं खोड काळपट आणि कड तेवढी पिवळसर. बुंध्याशी लाकडाचा भुसा सांडलेला. आम्ही पंधरा पावलं मागे जाऊन बसलो. दहा-बारा मिनिटांनी ढोलीतून आधी लाल चोच आली, मग एक डोळा. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मादी होती, कारण गळ्यात काळा-गुलाबी गोफ नव्हता, तो नराला असतो. ती बाहेर आली आणि ओरडत उडून गेली. फेब्रुवारी ते एप्रिल हा साध्या पोपटाचा घरट्याचा काळ. ढोलीत साप असतो, पिंगळा असतो. सातपुड्यातला रानपिंगळाही ढोलीतच घरटं करतो. हा पक्षी ११३ वर्षं कुणाला सापडला नव्हता, तो १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. अशा जंगलात कुठल्याच ढोलीत हात घालायचा नाही.

इथपर्यंत ठीक होतं. चूक मी घरी आल्यावर केली. त्या झाडाचा फोटो छान आला होता, मी तो लोकेशनसकट टाकला. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा मेसेज आला: "ताई, पिल्लं किती दिवसांची आहेत?" मला आधी बरं वाटलं, कुणीतरी पक्षीमित्र असेल म्हणून. मग त्याच्या प्रोफाइलवर पिंजऱ्यांचे फोटो बघितले आणि हातपाय गार पडले. फोटो काढून टाकला, वन विभागात फोन केला, त्यांनी त्या बाजूला फेरी वाढवतो म्हणून सांगितलं. एप्रिलच्या अखेरीस आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ढोली रिकामी होती. पिल्लं उडून गेली असतील, वेळही तीच होती. पण तेव्हापासून तो मेसेज माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून तुमच्या मुलांना एवढं एक नक्की सांगा: घरट्याचे, ढोलीचे, पोपट रात्री जमतात त्या झाडाचे अक्षांश-रेखांश कुठेही टाकायचे नाहीत. त्यांच्या खेळात आकडा देणं हीच मजा असते, त्यामुळे हे त्यांना मुद्दाम समजवावं लागेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशनही गेटपाशीच बंद करा.

मग करायचं काय? जिओकॅशिंगमध्येच एक बिनडब्याचा प्रकार आहे, अर्थकॅश. ठरलेल्या जागी जायचं, तिथले खडक-पाणी बघायचं आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. काही ठेवायचं नाही, काही उचलायचं नाही. खान्देश त्यासाठी फार श्रीमंत आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गोमुखातून गरम पाणी येतं, सातपुड्याच्या पायथ्याशी. मुलांना तिथे हात लावून बघू द्या आणि विचारा, ज्वालामुखी नसताना पाणी गरम कसं? उत्तर शोधताना ती पायथ्याच्या भेगांपर्यंत आणि तापीच्या खोलगट खोऱ्यापर्यंत आपोआप पोचतील. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंतीसारख्या रांगा दिसतात. लाव्हा भेगांत थिजून त्या झाल्यात, आजूबाजूचा खडक झिजला आणि त्या उरल्या. असा अर्थकॅश नोंदवायलाही जागा सांभाळणाऱ्यांची परवानगी लागू शकते. पण घरच्यांपुरता खेळ करायला वही आणि पेन्सिल पुरते. आम्ही तसंच करतो: मी आधी जाऊन चार जागांचे आकडे लिहून आणते, घाटाचं वळण, पाटी, गारबर्डी धरणाची भिंत, असं कुणाला धोका नसलेलं, आणि मुलगा ते शोधून तिथे काय दिसलं ते लिहितो.

आकड्यांत एक घोळ हमखास होतो. मोबाइलचा नकाशा अंश दशांशात देतो, खेळात मात्र अंश आणि मिनिटं वापरतात. २१.३५ अंश म्हणजे २१ अंश २१ मिनिटं. ते २१ अंश ३५ मिनिटं असं वाचलंत तर १४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ २६ किलोमीटर उत्तरेला जाल. पालहून निघालात तर थेट मध्य प्रदेशात. घाटात नेटवर्क जातं, नकाशा घरूनच उतरवून घ्या. आणि परदेशातून येणाऱ्यांना सांगा, सॅटेलाइट फोन आणू नका, आपल्याकडे तो परवान्याशिवाय चालत नाही.

फेब्रुवारीच अगदी योग्य वेळ आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत पळस पेटतो. सागाची पानं गळलेली असतात, त्यामुळे सगळं उघडं दिसतं, जीपीएसही आभाळ मोकळं असल्यानं नीट चालतं. सकाळी उजाडल्यावर वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून आत जा आणि एखाद्या फुललेल्या पळसापासून वीसेक पावलांवर गप्प बसा. भडक कपडे नकोत.

आधी आवाज येतो. मोठा, घोगरा ओरडा आला तर पहाडी पोपट, त्याच्या खांद्यावर लालसर डाग असतो आणि तो आकारानं चांगलाच दांडगा. लहानसा, गोड 'टुई, टुई' प्रश्न विचारल्यासारखा आला तर लालजांभळ्या डोक्याचा छोटा पोपट. तो उडताना बाणासारखा जातो, डोकं दिसायला नशीब लागतं. फांदीवर बसला की बघा: एक फूल तोडतो, देठाकडची बाजू चोचीत दाबतो, आतला गोड रस घेतो आणि फूल सोडून देतो. टप्. मग दुसरं. तासाभरात झाडाखाली केशरी सडा पडतो. थवा गेल्यावर मुलांना त्यातली दोन-चार फुलं बसूनच, जागेवर बघू द्या. देठाशी चोचीची खूण स्पष्ट दिसते. माझ्या मुलानं अशी एकाच झाडाखाली साठापर्यंत मोजली होती आणि मग पोपट परत आले म्हणून मोजणी सोडून दिली.

जेवणाचं सामान अभयारण्यात नेऊ नका, पाणी तेवढं घ्या आणि बाटली परत आणा. परतताना यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी मिळाली तर घ्या, भरितासाठी त्यांच्यासारखी नाहीत. घरी मुलांना पाखरांसाठी काही करावंसं वाटलंच तर गच्चीवर मातीचं पसरट भांडं पाण्यानं भरून ठेवायला सांगा. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, मार्चपासूनच पाखरं पाण्याला येतात. भांडं रोज घासून पाणी बदलायचं, हे काम त्यांच्याकडे द्या.

कुठल्या तारखांना येताय ते इथेच खाली लिहा. पळस कितपत फुललाय ते भावाला विचारून कळवते.