कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरचा बॅकहो एकट्याने काढून हिवाळाभर कुठे आणि कसा ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओंटारिओत पाच एकर घेतलेत, त्याबरोबर जुना सब-कॉम्पॅक्ट (सगळ्यात छोट्या वर्गातला) ट्रॅक्टर बॅकहोसकट, म्हणजे मागे लागणाऱ्या खोदायच्या हातासकट, मिळाला. बर्फ पडायच्या आत बॅकहो काढून मागे स्नो ब्लोअर लावायचाय. विकणारा म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे." हे एकट्याने जमेल का, आणि गॅरेजमध्ये जागा नसल्यामुळे बाहेर ताडपत्रीखाली ठेवला तर चालेल का?

विकणारा खोटं बोललेला नाही. काढायला दहाच मिनिटं लागतात. परत लावायला किती लागतील ते मात्र तुम्ही तो कुठे आणि कसा उभा करून ठेवता यावर आहे. मला पहिल्या वर्षी अर्धा दिवस लागला होता, एक जॅक, एक पहार आणि शेजारचा म्हातारा शेतकरी धरून. आता वीस मिनिटांत होतं. मधला फरक सगळा ठेवण्याचा आहे, म्हणून आधी जागेबद्दलच बोलतो.

पहिल्या वर्षी मी तो शेडच्या मागे गवतावर उतरवला. नोव्हेंबरमध्ये जमीन दगडासारखी कडक होती, मला वाटलं कुठे जातंय. इथं घराचा पाया १.२ मीटर खोल नेतात तो उगाच नाही: थंडीत जमीन गोठून फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये विरघळून शेवयाच्या खिरीसारखी होते. एप्रिलमध्ये जाऊन बघतो तर बॅकहोचा डावा पाय (खोदताना आधाराला जमिनीवर टेकतो तो) चार इंच आत गेलेला, बॅकहोची फ्रेम एका बाजूला कललेली. ट्रॅक्टर सरळ आणि बॅकहो वाकडा, मग पिना कशा बसणार? त्यामुळे काँक्रीट असेल तर काँक्रीटवर. नसेल तर घट्ट बसलेल्या खडीवर, आणि दोन्ही पायांखाली आणि बकेटखाली जाड फळ्या. पाऊण इंची प्लायवूडचे दोन-दोन थर मी वापरतो. अजून एक बघा: जिथे उतरवाल तिथे ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे घेता आला पाहिजे. वसंतात ट्रॅक्टर वळवत वळवत बॅकहोच्या तोंडाशी नेणं म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवणं.

आता काढण्याकडे. यातली मुख्य गोष्ट ही की बॅकहो आपण उचलायचा नसतो, तो स्वतःच स्वतःला उचलतो. शेकडो किलोचं धूड आहे, ढकलून इंचभरही हलणार नाही. जेसीबी मागचे पाय जमिनीत रोवून स्वतःची चाकं उचलते ते तुम्ही पाहिलं असेल, तेच इथं छोट्या प्रमाणात करायचं. क्रम मशीनप्रमाणे थोडा बदलतो. कुबोटाच्या बीएक्स२३एसचा आणि जॉन डिअरच्या १०२५आरचा एकच नाही, तेव्हा तुमच्या मॅन्युअलमधला क्रम आधी वाचा. माझ्याकडे फ्रेमला खाली दोन हुक आहेत आणि वर दोन पिना. तो असा निघतो:

इंजिन हळू चालू ठेवून मागे तोंड करून बसतो. बूम (बॅकहोचा लांब हात) थोडी बाहेर काढून बकेट सपाट जमिनीला टेकवतो, मग दोन्ही पाय टेकवतो. नुसते टेकवायचे, ट्रॅक्टर उचलायचा नाही. बकेट आणि दोन पाय मिळून तिवई झाली. आता इंजिन बंद, पार्किंग ब्रेक, आणि उतरून पिना बघायच्या. पिनेवर वजन असेल तर ती हलणार नाही, आणि इथेच लोक हातोडा शोधायला जातात. हातोडा राहू द्या. परत बसून इंजिन चालू करा, पाय केसभर खाली दाबा किंवा केसभर वर घ्या, इंजिन बंद करा आणि पुन्हा उतरून बघा. वजन सुटलं की पिनेभोवती बारीक काळी फट दिसते, आणि ती दोन बोटांनी निघते. भोक जुळलंय का हे बोट घालून कधीही बघू नका. स्क्रूड्रायव्हर घाला. तो तुटला तर दुसरा मिळतो.

पिना निघाल्या की परत इंजिन चालू, पाय किंचित खाली, फ्रेम वर येते, हुक मोकळे होतात.

एकट्याने जमेल का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते एकट्यानेच करावं. दुसरा माणूस मदतीला आला की तो लिव्हरवर बसतो आणि आपला हात पिनेपाशी असतो. "जरा वर घे" म्हणताना तो खाली घेणार नाही याची खात्री कोण देणार? एकटा असलो की लिव्हर आणि पिना एकाच वेळी हातात येऊच शकत नाहीत. वेळ जातो, बोटं राहतात.

पुढचा भाग हायड्रॉलिक पाइपांचा, आणि तो मी जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

इंजिन बंद केल्यावर, बकेट आणि पाय जमिनीवर टेकलेले असताना, प्रत्येक लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा. त्याने पाइपांत अडकलेला दाब निघून जातो. ते केलं नाही तर आज कपलर (पाइपाच्या टोकाची जोडणी) कसाबसा सुटेल, पण बॅकहोच्या बाजूच्या पाइपात तेल दाबाखाली कोंडून राहील. त्यात वसंतातलं ऊन लागलं की तेल प्रसरण पावतं, दाब आणखी वाढतो आणि कपलर काही केल्या बसत नाही. लोकांना वाटतं कपलर खराब झाला, नवा घेऊन येतात.

या छोट्या ट्रॅक्टरांतही तेलाचा दाब दर चौरस इंचाला २००० पौंडांच्या आसपास असतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, यावरून अंदाज घ्या. पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं तर त्यातून येणारी धार दिसतही नाही आणि ती कातडीतून आत जाते. सुई टोचल्यासारखं वाटतं, रक्तही फारसं येत नाही, आणि काही तासांत हात गमवायची वेळ येऊ शकते. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवून शोधा, हात फिरवून नाही. असं काही टोचलंय अशी शंका जरी आली तरी थेट इमर्जन्सीत जायचं आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

पाइप काढायच्या आधी त्यांवर रंगीत इलेक्ट्रिक टेप गुंडाळा: बॅकहोकडे तेल नेणाऱ्यावर लाल, परत आणणाऱ्यावर पिवळी, आणि तीच खूण समोरच्या कपलरवर. "लक्षात राहील" असं ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनाच वाटतं.

आणि आता ती गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. या ट्रॅक्टरांत पंपाचं तेल सतत फिरत असतं: पंपातून बॅकहोच्या व्हॉल्व्हमध्ये, तिथून परत थ्री-पॉइंटकडे (मागची अवजारं उचलणारी तीन दांड्यांची जोडणी) आणि टाकीत. बॅकहो काढला की मधला दुवाच गेला. मी पाइप काढले, कपलरना टोप्या घातल्या, मोठ्या समाधानाने सीटवर बसलो आणि इंजिन चालू केलं. पंपाने अशी किंकाळी फोडली की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. थ्री-पॉइंट वर उचलेना. तेलाला जायला वाटच नव्हती, सगळं रिलीफ व्हॉल्व्हवर (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेवर) आदळत होतं आणि तापत होतं. मी लगेच बंद केलं म्हणून पंप वाचला. उपाय अगदी साधा: बॅकहो काढल्यावर ट्रॅक्टरच्या बाजूचे दोन पाइप एकमेकांना जोडायचे, म्हणजे वर्तुळ पूर्ण होतं. माझ्या मशीनवर ते थेट एकमेकांत बसतात. काहींना वेगळा छोटा जोडपाइप लागतो. काही मशीनवर वेगळीच व्यवस्था असते. तुमच्याकडे कोणती आहे ते चावी फिरवण्याआधी बघा.

मग ट्रॅक्टर फूटभर पुढे घ्या आणि थांबा. उतरून बघा, एखादा पाइप अडकलाय का, फ्रेम कुठे घासतेय का. सगळं मोकळं दिसलं की निघा.

बॅकहो आता तिवईवर उभा आहे, पण त्याच्यावर सोडून देऊ नका. सिलिंडरमधलं तेल महिनोन्‌महिने हळूहळू झिरपतं, पाय दोन-चार मिलिमीटर करत वर सरकतात आणि फ्रेमचं तोंड खाली येतं. म्हणून फ्रेमखाली लाकडी ठोकळे लावायचे, चार बाय चार इंची लाकडाचे तुकडे एकावर एक आडवे-उभे रचून. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावू नका, ते न सांगता फुटतात. ठोकळे अशा उंचीला लावा की फ्रेम ट्रॅक्टरपासून सुटली त्याच उंचीवर राहील. मी त्या दिवशी फ्रेमच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून फ्रेमवरच खडूने लिहून ठेवतो. बूम बाजूला फिरू नये म्हणून स्विंगची लॉक पिनही घालतो. मुलं घरी असतील तर लिव्हरांना दोरी बांधा. इंजिन नसलं तरी लिव्हर ओढल्यावर टांगता भाग खाली येऊ शकतो.

आता ताडपत्री. बाहेर ठेवला तर चालतो, माझा बाहेरच असतो. लोखंडाला थंडीचं काही वाटत नाही, त्याचं वैर ओलाव्याशी. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळली की जमिनीची वाफ आत कोंडते आणि बॅकहो आतून भिजतो. वरून छपरासारखी टाका, खालून वारा खेळू द्या. झाकण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरचे चकचकीत दांडे. तिवईसाठी जे बाहेर ठेवावे लागतात त्यांवर ग्रीसचा जाडसर हात फिरवा, बाकीचे शक्य तितके आत घ्या. त्या क्रोमवर एकदा गंजाचे टोचे पडले की दांडा दरवेळी आत-बाहेर होताना सील किसत राहतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेल गळायला लागतं. ग्रीस गनने प्रत्येक सांध्यात जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत भरा. त्याबरोबर आत शिरलेलं पाणीही निघतं. लहानपणी आमच्याकडे साताऱ्याला पेरण्या उरकल्या की नांगराचा फाळ पुसून त्याला जुनं तेल लावून गोठ्यात टांगायचे. तेच काम, फक्त इथं सांधे जास्त.

कपलरच्या टोप्या हरवल्या असतील तर प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड लावा, पण उघडे ठेवू नका. मातीचं घर करणाऱ्या गांधीलमाश्यांना ते भोक अगदी मापाचं वाटतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगायला हवी. पुढे लोडर (माती-बर्फ उचलायची मोठी बकेट) आणि मागे बॅकहो असा तो ट्रॅक्टर तोललेला होता. बॅकहो गेला की मागचं वजन गेलं. आता लोडरमध्ये ओला बर्फ भरून उतारावरून खाली आलात तर मागची चाकं हलकी होतात, आणि या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. चाकंच जमिनीला धरत नसतील तर ब्रेक काय करणार? तुम्ही स्नो ब्लोअर लावणार आहात, तो थ्री-पॉइंटवर मागे लागणार असेल तर त्याचंच वजन कामाला येईल. पुढे लागणारा असेल तर मागे काँक्रीट भरलेली पेटी टांगा. आणि रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी सीटमागची कमान) वर, पट्टा बांधलेला.

तुमचा बॅकहो जर फ्रेमवर नसून नुसता थ्री-पॉइंटवर टांगलेला असेल, जुन्या मशीनबरोबर असे मिळतात, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्याचा फोटो टाका. खणताना जोर उलटा लागला की असा बॅकहो वर दुमडून चालवणाऱ्याला रोलबारवर चिरडू शकतो. तो काढून ठेवायचा की कायमचा काढायचा, हे आधी ठरवावं लागेल.

वसंतात लावताना हाच क्रम उलटा, फक्त एक बदल: आधी पाइप जोडा. ट्रॅक्टर हातभर अंतरावर आणून पाइप जोडले की बॅकहोचे पाय पुन्हा तुमच्या हुकमात येतात, मग फ्रेम डावी-उजवी, वर-खाली हलवून तीच हुकांवर आणून बसवता येते. खडूचा आकडा तेव्हा उपयोगी पडतो.

आणि पिना. काढल्या की क्लिपांसकट फ्रेमच्या त्याच भोकांत परत घालून ठेवा. थ्री-पॉइंटचे जे भाग बॅकहोसाठी काढले होते त्यांच्या जागीही हेच. मी पहिल्या वर्षी पिना कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून गॅरेजच्या फळीवर ठेवल्या होत्या. डबा आमच्या घरच्या शिस्तीप्रमाणे गुरुवारच्या रिसायकलिंगच्या निळ्या पेटीत गेला.