‘मी तर काहीच खात नाही’

‘मी तर काहीच खात नाही, तरी वजन हटत नाही,’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याविषयी एकदा लिहावेसे वाटले. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक अनुभव सांगते.

78 किलो वजनाच्या त्या शिक्षिका खोटे बोलत नव्हत्या. सकाळचा चहा, दुपारच्या दोन पोळ्या, रात्रीची एक, असा हिशेब त्यांनी वहीत लिहून आणला होता. चौथ्या भेटीत मी विचारले, “रात्री सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर ओट्यापाशी काय होते?”

“उरलेले संपवते. पातेल्यातला भात, मुलाने ठेवलेली अर्धी पोळी. अन्न टाकवत नाही हो मला.”

“ते वहीत दिसत नाही.”

त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ते कुठे माझे जेवण असते, मॅडम?”

अन्न टाकणे पाप, ही समजूत घरात सर्वांची असते. पातेले रिकामे करण्याचे काम मात्र एकट्या बाईकडे येते आणि ते खाणे तिच्या लेखी मागची आवराआवर ठरते. सवय मोडण्याआधी तिच्यामागची समजूत तपासली, तर मनावर फारशी जबरदस्ती करावी लागत नाही, हे मला वर्षानुवर्षांच्या कामातून पटले आहे.

फॅमिली डॉक्टरांकडे जाणे त्यांनी दोन वर्षे टाळले होते, कारण तिथला वजनकाटा बाहेर, बाकांवर बसलेल्या सगळ्यांसमोर होता. त्यांच्या संमतीने मी डॉक्टरांशी बोलले आणि वजन आतल्या खोलीत घेतले गेले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर व थायरॉइड तपासायला सांगितले आणि चालू औषधांची चौकशी केली. थायरॉइडची कमतरता किंवा स्टेरॉइडसारखी औषधेही वजन वाढवतात, म्हणून तपासणीआधीच स्वतःला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. कमरेचा घेरही मोजला. आपल्याकडे स्त्रियांमध्ये तो 80 आणि पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटरच्या पुढे गेला की, काट्यावरचा आकडा बरा दिसत असला तरी मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

सहा महिन्यांत चार किलो, एवढेच उद्दिष्ट डॉक्टरांनी दिले, तेव्हा त्या हिरमुसल्या. परंतु वजन 5 टक्क्यांनी उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते, हे त्यांना डॉक्टरांनीच समजावले.

मागच्या भेटीत त्यांनी काट्याचा आकडा सांगितलाच नाही. रात्रीच्या भाताला तांदूळ मोजायची वाटी बदलून लहान घेतली आहे, हे मात्र आवर्जून सांगितले.