वडील इंजिनिअर, घर आईचं

एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी इथलीच, न्यू जर्सीत जन्मलेली, आता बारावीत. नवरा आठ वर्षांपूर्वी वेगळा झाला, दुसऱ्या राज्यात असतो, एक डॉलर पाठवत नाही. तो इंजिनिअर, या साताऱ्याच्या बारावी पास. दिवसा फार्मसीत काम, शनिवार-रविवार डब्यांच्या ऑर्डरी. मुलगी म्हणते, काउंटी कॉलेजला (जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला) जाते आणि नोकरी धरते. कॉलेजसाठीच्या आर्थिक मदतीच्या फॉर्मबद्दल आईचा प्रश्न: "फॉर्मवर घटस्फोटाचं लिहायचं का? चारचौघांत कशाला?"

ताई, लिहायचं. फॉर्म चारचौघांत फिरत नाही, आणि लपवलंत तर नुकसान मुलीचं आहे.

फॅफ्सा म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म. त्यात आई-वडील वेगळे राहत असतील तर गेल्या १२ महिन्यांत ज्याने मुलीचा जास्त खर्च उचलला, त्याचंच उत्पन्न धरतात. म्हणजे तुमचं. काही खाजगी कॉलेजं मात्र सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा दुसरा फॉर्मही मागतात आणि तिथे वडिलांचीही माहिती लागते. संपर्कच नसेल तर सूट मिळावी म्हणून वेगळा अर्ज असतो. त्याला शाळेच्या काउन्सेलरचं पत्र जोडलंत तर बरं.

आता इंजिनिअर वडिलांचं. मुलीला वाटतं, ते शिकलेले, म्हणून आपण 'फर्स्ट जनरेशन', म्हणजे घरातून कॉलेजची पदवी घेणारी पहिली पिढी, नाही. पण सरकारच्या ट्रिओ या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या कार्यक्रमांत मूल एकाच पालकाकडे राहून वाढलं असेल तर त्याच पालकाचं शिक्षण बघतात. तुमच्याकडे पदवी नाही, म्हणजे ती त्यात बसते. प्रत्येक कॉलेजची व्याख्या वेगळी, तेव्हा विचारून घ्या. ईओएफ हा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीचा न्यू जर्सीचा १९६८ पासूनचा कार्यक्रम आहे, त्याचे उत्पन्नाचे निकषही बघा.

काउंटी कॉलेजला मी नाक मुरडणार नाही. वर्गातल्या पहिल्या १५ टक्क्यांत असेल तर न्यू जर्सी स्टार्स या शिष्यवृत्तीतून तिथली ट्यूशन फी सुटू शकते, पुढे रटगर्स या राज्याच्या विद्यापीठात जाता येतं. पण ती हे हिशोब करून म्हणतेय, की 'आई एकटी पडेल' म्हणून? ते तुम्हीच विचारा. नवव्या वर्षापासून बँकेचे, विम्याचे फोन तीच करत आलीय असं तुम्ही सहज एका ओळीत लिहिलंत. अशा मुली घराबाहेर पडायचा विषय स्वतःहून काढत नाहीत.

फॅफ्सा साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. त्याआधी फॉर्मसाठी स्वतःचं ऑनलाइन खातं काढा. तिच्या लॉगिनने चालत नाही, सही तुमची लागते. आणि या वेळी फॉर्म तुम्ही वाचा, ती शेजारी बसेल.