म्हैस विकू की सोनं गहाण ठेवू?

प्रश्न : ताई, आम्ही लातूर जिल्ह्यातले, चार एकर कोरडवाहू, सगळं सोयाबीनच. यंदा भाव पार पडला. सोसायटीचं पीक कर्ज आहे, पोरगी जूनमध्ये इंजिनिअरिंगला जाणार. मालक म्हणतात म्हैस विकू आणि सोन्यावर लोन काढून बोअर मारू. मला धास्ती वाटतेय.

उत्तर : ताई, तुमची धास्ती खरी आहे. म्हैस विकू नका, रोजचं तेलमीठ तिच्यावर चालतं आणि एकदा गेली की परत तेवढ्या पैशात दावणीला येत नाही. बोअर तर यंदा नकोच, पाणी नाही लागलं तर सोनंही अडकतं आणि वर व्याज.

हातात पैसा येईल त्यातून पहिलं पीक कर्ज मुदतीत भरा. मुदतीत भरलं की ३ लाखांपर्यंत आपल्या राज्यात व्याज पडत नाही, तारीख चुकली की सगळी सवलत जाते, आणि मग माणूस महिन्याला शेकडा पाच घेणाऱ्याच्या दारात उभा राहतो.

दुसरं म्हणजे बियाणं. दरवर्षी बॅग विकत कशाला आणायची, सोयाबीनचं घरचं बी चालतं की! एकरी ३० किलो धरून चांगलं वाळलेलं, न फुटलेलं बी आत्ताच बाजूला काढा, आणि ते पोतं कुणाला आपटू देऊ नका, सोयाबीनची साल पातळ असते, मार बसला की उगवण गेली. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, सहा-सात दिवसांनी उघडून मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी असतील तर एकरी बी वाढवा.

अर्धा एकर तरी ज्वारीला ठेवा, रब्बीत ओल असेल तर. घरात भाकरी आणि म्हशीला कडबा, दोन्ही सुटतं.

आणि पोरीच्या फीचं एवढं टेन्शन घेऊ नका. २०२४ पासून घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बळ) मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतलं तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल-मेसचं मात्र वेगळं बघावं लागेल, दुधाचे पैसे त्यासाठी साठवा. उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागला की लगेच काढून घ्या, जूनमध्ये सेतूवर, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी केंद्रावर, पाय ठेवायला जागा नसते.