त्याचं ऐकून घेतलं तर माझा विश्वास कच्चा ठरतो का?

ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगायला जायचं आणि समोरच्याचंच ऐकत बसायचं, म्हणजे आपण डळमळलो असं नाही का होत? वरुडकडच्या एका तरुणाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

त्याचा मित्र म्हणजे धुऱ्याला धुरा लागून असलेला शेजारी, शाळेपासूनचा. मित्राचे वडील गेले आणि त्याच वर्षी आंबिया बहाराची संत्री गळाली. हा रोज संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जायचा, बायबलमधलं वचन वाचायचा, प्रार्थना करू का विचारायचा. एक दिवस मित्र भडकला. "तुले माह्या दुःखाशी काई घेनं नाई. तुले फक्त माह्या तोंडून येशूचं नाव पायजे."

मुलगा फार दुखावून माझ्याकडे आला. मी विचारलं, "एवढ्या दिवसांत तो काय काय बोलला, ते त्याच्याच शब्दांत सांग." तो सांगू लागला, पण दर वेळी गाडी "मग मी त्याला म्हटलं" वर येऊन थांबे. स्वतःची उत्तरं सगळी पाठ होती, मित्राचं एक वाक्य धड आठवेना.

मग सरावासाठी मी त्याच्या मित्राच्या जागी बसले. अट एकच: मी जे बोलले ते आधी मला परत सांगायचं, आणि मी "हो, हेच" म्हटल्यावरच आपलं बोलायचं. सुरुवातीला दर वाक्याला "पण बायबल म्हणतं" निघून जाई. बऱ्याच वेळाने तो थांबला आणि म्हणाला, "ताई, त्याचंच बरोबर निघालं तर?"

खरी भीती ही होती. मी म्हटलं, बरोबर असेल तेवढं मान्य करायचं. कान झाकून सांभाळावा लागतो तो विश्वास कसला? बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत होता, त्यांना प्रश्न विचारत होता, असं लूक शुभवर्तमानात लिहितो. आणि आपल्याच भागातलं सांगायचं तर, 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप सुवार्ता सांगत होते आणि गोंडांची गाणी, परंपरा टिपूनही घेत होते. त्यांची टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये छापली गेली. ऐकल्याने त्यांचा विश्वास कुठे पातळ झाला नाही.

पुढच्या वेळी तो बायबल न घेता गेला. "त्या दिवशी तू असं का म्हणालास?" एवढंच विचारलं आणि गप्प बसला. तेव्हा कळलं, सल वडिलांच्या तेरवीची होती. "तू आला, पन ताटावर बसला नाई. पोट बिघडलं मने!" नैवेद्याचं जेवण चालणार नाही म्हणून याने पोटाचं निमित्त सांगितलं होतं, आणि मित्राला ते त्याच दिवशी कळलं होतं.

मला विचाराल तर न जेवण्यापेक्षा त्या खोट्याने जास्त दुखवलं. पंगतीत बसावं की नाही, यावर ख्रिस्ती माणसांत आजही दोन मतं आहेत; प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात यावर बरंच लिहिलंय आणि त्यात समोरच्याच्या मनाचा विचार आहे. निर्णय कोणताही घ्या, कारण मात्र खरं सांगा. मुलाने सांगितलं, माफी मागितली. मित्राला कारण पटलं नाही, पण बोलणं सुरू झालं.

मग मित्राने विचारलं, "मंग माहा बाप कुठी गेला, तुमच्या हिशेबानं?" अशा वेळी ठोकून दिलेलं उत्तर क्रूर असतं, आणि गोड बोलून वेळ मारून नेणं अप्रामाणिक. मुलगा म्हणाला, "न्याय देवाचा आहे, तो दयाळू आहे असं मी मानतो. तुझ्या बाबांबद्दल बोलायचा अधिकार मला नाही." त्याने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मित्र ख्रिस्ती झालेला नाही. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जातो, आणि हाही कधी मागे बसून तुकडोजी महाराजांची भजनं ऐकतो. परवा मुलाने विचारलं, नाताळच्या उपासनेला त्याला बोलवू का? मी म्हटलं, जरूर बोलव. पण तिथे प्रवचन असतं आणि शेवटी पाळकसाहेब येशूला स्वीकारण्याचं आवाहन करतात, हे त्याला आधीच सांग. मग यायचं की नाही, ते तो ठरवेल.