क्रिस्पर शिकतोयस? आधी जिवाणूकडे बघ

क्रिस्पर म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापून जनुक बदलण्याचं तंत्र. सगळे थेट या 'जनुकीय कात्री'वर उडी मारतात. तू आधी जिवाणू समजून घे. विषाणू आत शिरला की जिवाणू त्याच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या जीनोममध्ये, म्हणजे स्वतःच्या सगळ्या डीएनएमध्ये, पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमांच्या मधे जपून ठेवतो. तोच विषाणू परत आला, की त्या तुकड्याची आरएनए प्रत कॅस प्रथिनाला वाट दाखवते आणि ते विषाणूचा डीएनए कापतं. जपानमध्ये इशिनो यांच्या गटाला १९८७ मध्येच हे पुन्हापुन्हा येणारे क्रम दिसले होते, अर्थ मात्र लागला नव्हता. प्रयोगातून ही प्रतिकारशक्ती सिद्ध झाली २००७ मध्ये, तीही दह्याच्या जिवाणूंवर! मला याची अजून गंमत वाटते.

आता नीट थांबून विचार कर. तोच तुकडा जिवाणूच्या जीनोममध्येही आहे, मग कॅस-९ (कॅस प्रथिनांपैकीच एक) तो का कापत नाही? कारण त्याच्या शेजारी पॅम, म्हणजे कापण्याआधी कॅस-९ ला डीएनएवर लागणारी छोटी खूण, नसतो. नेहमीच्या कॅस-९ साठी पॅम म्हणजे डीएनएचं कोणतंही एक अक्षर आणि पुढे दोन जी (G). हे डोक्यात बसलं नाही, तर माझ्यासारखाच गाइड आरएनएमध्ये (कॅसला वाट दाखवणाऱ्या आरएनएमध्ये) पॅमची अक्षरं घालून बसशील. गाइडमध्ये लक्ष्याची २० अक्षरंच घ्यायची. पॅम लक्ष्य डीएनएवरच राहतो.

शार्पेंटिए आणि डाउडना या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये कॅस-९ ला जिवाणूत लागणारे दोन आरएनए जोडून एकच गाइड केला, तिथून हत्यार सुटसुटीत झालं. पण कॅस फक्त कापतं, सांधते पेशी. घाईच्या सांधणीत अक्षरं गळतात किंवा वाढतात, जनुक बंद पडतं. नेमका बदल हवा तर हव्या त्या क्रमाचा डीएनए साचा म्हणून द्यावा लागतो आणि ते बरंच अवघड. पहिल्या प्रयोगात जनुक बंद पाडण्यावरच थांब.